हेगच्या कचेरीत एक मराठी शब्द

वाईहून मेणवलीला जाणारा माणूस नाना फडणिसांचा वाडा बघायला जातो. वाडा पाहून मागच्या बाजूने घाटावर उतरले की कृष्णेच्या काठी मेणेश्वराचे देऊळ लागते आणि देवळाशेजारी टांगलेली एक भली मोठी घंटा. शाळेच्या सहली तिच्याखाली उभ्या राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. जवळ जाऊन पाहिले तर घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हा आकडा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक.

समुद्राच्या हद्दीवरून राष्ट्राराष्ट्रांत होणारे तंटे आणि ते लढाईवाचून मिटवण्याचा कायदा, हा या पुस्तकाचा विषय. हस्तलिखित माझ्याकडे आले तेव्हा मी लेखकाला फोनवर विचारले, "अहो, सातारा-सांगलीच्या वाचकाला समुद्राचे काय? आपल्याकडे पुरेसे पाणी दिसते ते महापुरातच." ते म्हणाले, "मेणवलीची घंटा आहे की." प्रस्तावना लिहायची की नाही, हा विचार मी तिथेच सोडून दिला.

मी आयुष्यभर दिवाणी कोर्टात बांधाचे दावे चालवले. त्या अनुभवावर सांगतो, समुद्राच्या हद्दीचा दावा हा शेवटी बांधाचाच दावा असतो. फक्त तिथे बांध नसतो. जमिनीत निदान हद्दीचे दगड असतात. ते रात्रीतून कोणी सरकवले, तरी पूर्वीची जागा सांगणारा एखादा म्हातारा गावात निघतो. समुद्रात दगड नाही आणि म्हाताराही नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल देशाचे पाणी, २०० मैलांपर्यंत मासे आणि तेल-वायूवर हक्क, असे १९८२ च्या समुद्रविषयक कराराने ठरवले. भारताने तो १९९५ साली मान्य केला. पण शेजाऱ्यांचे २०० मैल एकमेकांवर चढले की मोजणी आलीच. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेश यांची अशीच मोजणी झाली. लवादाचे पंच २०१३ साली स्वतः किनाऱ्यावर येऊन स्थळपाहणी करून गेले. दाव्यातले एक बेट तर मधल्या काळात पाण्याखाली गेले होते. जुलै २०१४ मध्ये निकाल लागला. वादातल्या सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाकडे गेले आणि भारताने तो निकाल मुकाट्याने मानला. आमच्याकडे दोन गुंठ्यांचा निकाल विरुद्ध गेला, तर माणूस तीन पिढ्या अपिलात घालवतो.

तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्यामुळे तंटा गावात बसून मिटवावा ही कल्पना सांगलीकराला कोणी हेगहून येऊन शिकवायला नको. लवाद म्हणजे काय, हेही नको. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला. त्याने २,०६० टीएमसी पाणी वाटले: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. हे आकडे आमच्याकडच्या शेतकऱ्याला पाढ्यासारखे येतात. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने २०१० साली अलमट्टीला ५२४.२५६ मीटर उंची दिली. ती उंची आणि सांगलीतल्या आयर्विन पुलाखालची पातळी यांचे नाते कसे लावायचे, यावर २००५ आणि २०१९ च्या पुरांनंतर चहाच्या टपऱ्यांवर जितका काथ्याकूट झाला, तितका एखाद्या परिषदेतही होत नसेल. हा ताजा विषय लेखकाने थोडक्यात आटोपला आहे, आणि ते बरेच केले. त्यांना जे सांगायचे आहे ते जुने आहे आणि खाऱ्या पाण्यावरून सुरू होते.

आज आपण ज्याला आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतो, त्याचा एक मोठा झरा एका पोर्तुगीज जहाजाच्या लुटीतून निघाला. १६०३ साली सिंगापूरजवळ डचांनी सांता कातारीना हे जहाज पकडले. ती लूट कायद्यात बसवून द्यायचे काम डच ईस्ट इंडिया कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला दिले. त्या लिखाणातलाच एक भाग १६०९ साली 'मुक्त समुद्र' या अर्थाच्या लॅटिन नावाने छापला गेला: समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, हिंदुस्थानच्या वाटेवर पोर्तुगिजांनी सांगितलेली मक्तेदारी खोटी आहे. अशिलाची बाजू मांडता मांडता सिद्धान्त जन्माला येतो, हे वकिलांना ठाऊक असते. इतरांना ते ऐकून जरा धक्का बसतो.

आपल्या किनाऱ्यावर मात्र समुद्र मुक्त वगैरे नव्हता. पोर्तुगीज कर्ताझ नावाचा परवाना देत; तो नसलेले जहाज ते धरत. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही आपली दस्तके चालवली आणि दस्तक नसलेली जहाजे धरली. एकाने केले की तो अंमल आणि दुसऱ्याने केले की ती चाचेगिरी, असा हिशेब युरोपीय कागदांत सर्रास आढळतो. माझ्या मते दोघांचाही दावा एकाच जातीचा होता: इथून जायचे तर माझा कागद दाखव. अशा पाण्यावर १७७२ साली मराठी आरमाराने सांताना नावाच्या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले. सांता कातारीनापासून सांतानापर्यंत दीडशेवर वर्षे गेली होती. जहाज पुन्हा पोर्तुगीजच, पण या वेळी त्याच्यामागून ग्रंथ आला नाही, तह आला.

तहाचे साल १७७९. त्या साली जानेवारीत वडगावला इंग्रजांची फजिती झाली होती, पण लढाई संपली नव्हती. पेशवे सवाई माधवराव पाच वर्षांचे. छत्रपती दुसरे शाहू साताऱ्यात. पेशवाईची वस्त्रे त्यांच्याकडून यायची, शिक्क्यात नाव त्यांचे असायचे, पण सत्ता त्यांच्या हाती नव्हती. कारभार नाना फडणिसांचा. इंग्रज अंगावर आलेले असताना दमणच्या आणि गोव्याच्या पोर्तुगिजांनाही शत्रू करून घेणे नानांना परवडणारे नव्हते. म्हणून मैत्री ठरली आणि दमणजवळच्या गावांतून सालीना बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगिजांना लावून द्यायचे कबूल झाले. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगरहवेलीची गावे लावून दिली, १७८५ मध्ये आणखी काही. जहाजाची भरपाई झाली, दोस्ती राहिली, कागद दप्तरात गेले.

या कागदांतला कळीचा शब्द आहे सरंजाम. सातारा-सांगलीच्या वाचकाला याची फोड करून सांगायची खरे तर गरज नाही. आमच्या गावांची नावेच सरंजामांच्या इतिहासातून जातात. मिरज, सांगली, तासगाव या सगळ्या भागात पटवर्धनांचा सरंजाम होता. फौज बाळगायची, स्वारीला हाक आली की जायचे आणि त्याच्या खर्चासाठी नेमलेल्या गावांचा वसूल घ्यायचा. गाव सरकारचे, वसूल सरंजामदाराचा. सरकारची मर्जी फिरली तर सरंजाम जप्त व्हायचा, वारस बदलला तर नजराणा द्यावा लागायचा. मिरजेच्या शाळेत शिकवत असताना वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातले कागद निवडून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंडच्या खंड काढले. ते वाचताना वसूल आणि मालकी यांतला हा फरक पानोपानी भेटतो. आणि हा काही मेलेला इतिहास नव्हे. मुंबई राज्याने सरंजाम आणि जहागिऱ्या खालसा केल्या त्या १९५२ साली, म्हणजे माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, गोमंतकातले आणि महाराष्ट्रातले स्वयंसेवक अजून पोर्तुगिजांकडेच असलेल्या दादरा-नगरहवेलीत घुसले. दादरा, नरोली, मग २ ऑगस्टला सिल्वासा. त्यांत गायक सुधीर फडके होते. मोहिमेच्या खर्चासाठी सांगलीत वाढलेल्या लता मंगेशकरांनी पुण्यात गाऊन पैसा उभा करून दिला होता. दमणहून तिकडे कुमक पाठवायची तर भारताच्या मुलखातून जावे लागे, आणि भारताने वाट अडवली. पोर्तुगालने मग चाल केली ती पाहण्यासारखी आहे. १४ डिसेंबर १९५५ ला तो संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला, १९ डिसेंबरला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ डिसेंबरला भारतावर दावा ठोकला. आमच्या बारमध्ये अशा वकिलाला हुशार म्हणतात. पण त्याच्याबरोबर चहा घेत नाहीत.

भारताने न्यायालयाच्या अधिकारावरच हरकती घेतल्या. त्यांतल्या बहुतेक नोव्हेंबर १९५७ मध्ये फेटाळल्या गेल्या आणि मूळ दावा उभा राहिला. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली, तर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छगला भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून त्या पीठावर बसले. वाद असा: सांतानानंतरच्या तहाने मराठ्यांनी पोर्तुगालला ती गावे राज्यासकट दिली होती, की नुसता बारा हजारांचा वसूल? राज्य दिले असेल, तर त्या राज्यापर्यंत जायची वाटही दिली असणार, असे पोर्तुगालचे म्हणणे. तहाचे पोर्तुगीज आणि मराठी मजकूर, त्यांची भाषांतरे, त्या भाषांतरांतले फरक, हे सगळे हॉलंडमधल्या एका इमारतीत पंधरा न्यायाधीशांपुढे आले. त्यांतल्या बहुतेकांनी सातारा हे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकले असेल.

१२ एप्रिल १९६० च्या निकालातला हा भाग मी अनेकदा वाचला आहे. भारताने म्हटले होते की हा तह धड झालाच नव्हता. न्यायालय म्हणाले, अठराव्या शतकातल्या तहाला आजच्या कार्यपद्धतीची फूटपट्टी लावू नका. मराठ्यांनी स्वतः तो पाळला, तेव्हा तो तह होता. इथे पोर्तुगालची सरशी. मग न्यायालयाने मराठ्यांचे दुसरे तह पाहिले. मराठ्यांना जिथे राज्याचा हक्कच तोडून द्यायचा असे, तिथे ते कायमचा आणि स्वामित्वाचा असे शब्द घालत. इथे तसे शब्द नाहीत. म्हणून दिलेला होता तो जहागीर किंवा सरंजाम, सालीना बारा हजार रुपयांचा. इथे भारताची सरशी. नानांच्या कारकुनाने काय लिहिले यापेक्षा त्याने काय लिहिले नाही, यावर जगाच्या न्यायालयाने बोट ठेवले. कागद वाचायचा कसा, याचा याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही. नव्या वकिलांना मी तेवढी पाने आवर्जून वाचायला देतो.

गोष्ट इथे संपली असती तर पुस्तक लहान झाले असते. पण १८१८ नंतर इंग्रजांनी ती गावे पोर्तुगिजांचीच धरून चालवली, कोणी तक्रार केली नाही आणि सरंजाम हळूहळू मुलूख झाला. सव्वाशे वर्षे माणसे, मुलकी अधिकारी आणि माल दमण-नगरहवेली असा सरळ ये-जा करत राहिला. त्या वहिवाटीतून हक्क तयार झाला, असे न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी ठरवले. केवळ दोन देशांपुरतीही वहिवाट असू शकते, हे तत्त्व या निकालामुळे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. पण हत्यारबंद फौज आणि दारूगोळा न्यायला पूर्वीपासून परवानगी लागत आली होती, म्हणून तो हक्क नाही, हे ठरले आठ विरुद्ध सात मतांनी. आणि १९५४ च्या तंग परिस्थितीत वाट अडवून भारताने काही आगळीक केली नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. म्हणजे हक्क होता, तो अडवला गेला, आणि अडवण्यात चूक नव्हती. अशिलाला हे समजावून सांगणे अवघड आहे. तरीही या निकालाला मी गुळमुळीत म्हणणार नाही. पंधरा माणसांनी आधी कागद आणि मग वहिवाट तपासली, आणि जिथे एका मताने निभावले तिथे ते एक मत उघड मांडले.

लेखकाने याच्याशेजारी साताऱ्याचे एक जुने प्रकरण ठेवले आहे. माझ्या दृष्टीने ते या पुस्तकाचे मर्म आहे. प्रतापसिंह महाराजांशी इंग्रजांनी २५ सप्टेंबर १८१९ ला तह केला आणि १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढले. त्यांचे वकील रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला पोचले आणि तेरा-चौदा वर्षे तिथे राहिले. त्यांच्याजवळ तह होता, कागद होते, सह्या होत्या. दाद मागायची कुठे? तर कंपनीच्या डायरेक्टरांपुढे, म्हणजे जिच्याविरुद्ध फिर्याद तिच्याच ओसरीवर. पार्लमेंटमध्ये काही सभासद बोलले, भाषणे छापली गेली, साताऱ्याला हातात काही आले नाही. महाराज १८४७ मध्ये काशीत वारले, १८४८ मध्ये राज्य खालसा झाले, आणि रंगो बापूजी परत येऊन सत्तावनच्या उठावात सामील होऊन बेपत्ता झाले. सातारकरांकडे दप्तर होते, कचेरी नव्हती. तीच मराठी दप्तरे, तसाच एक जुना तह, घेऊन शंभर वर्षांनी पोर्तुगाल हेगला गेला, तेव्हा त्याच्यासाठी दार होते. आंतरराष्ट्रीय कायद्याची थट्टा करणाऱ्यांनी ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. थट्टा मीही करत असे.

दार असले तरी ते सर्वांसाठी उघडते असे नाही. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेच्या बंदरात बोटीतून उडी टाकली आणि फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला. तिथून त्यांना पुन्हा बोटीवर नेण्यात आले. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात पंचांनी म्हटले की पकडण्यात अनियमितता झाली खरी, पण परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. दाव्यात वादी-प्रतिवादी होते फ्रान्स आणि इंग्लंड. ज्याचे आयुष्य पणाला लागले होते, त्याला तिथे एक शब्द बोलायची सोय नव्हती. पुढे सावरकर अंदमानात राहिले; ज्येष्ठ बंधू बाबारावही तिथेच होते. बाबारावांचे देहावसान १९४५ मध्ये सांगलीत झाले. या प्रकरणावर लेखकाने दोनच पाने दिली आहेत. मला ती कमी वाटली.

एक मतभेदही नोंदवतो. हेगच्या निकालाला वीस महिने होतात न होतात तोच, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय फौजा गोवा, दमण आणि दीवमध्ये शिरल्या. लेखकाने ही गोष्ट एका परिच्छेदात उरकली आहे. मला वाटते, शांततेने तंटे मिटवण्यावरच्या पुस्तकाने इथे थांबायला हवे होते. साडेचारशे वर्षांची वसाहत हा हद्दीचा तंटा नव्हता, हे मला मान्य आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने बोलणीच नाकारली होती, हेही मान्य आहे. पण कायद्याने कुठवर नेले आणि कुठून पुढे बंदूक गेली, ती रेघ वाचकाला दाखवली पाहिजे. पोर्तुगालने हा बदल मान्य करायला १९७४ साल उजाडले.

आता एक विनंती. या दोन जिल्ह्यांतल्या जुन्या घरांत, माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात अजून मोडी कागदांचे रुमाल आहेत. आमच्या घरचे दोन रुमाल २०१९ च्या पुरात भिजले. उन्हात वाळवू म्हणून ठेवले आणि चार दिवसांनी पाहिले तर त्यांचा लगदा झाला होता. त्यांत काय होते, ते आता कोणालाच कळणार नाही. ज्यांच्या घरी असे कागद कोरडे आहेत, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत आणि कोणी विकत मागितले म्हणून सुटे सुटे देऊही नयेत. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारी माणसे आहेत. पुस्तक वाचायला घेण्याआधी एकदा माळ्यावर चढून पाहा.